टाकून द्यायचं पाणी

सुभेदार आमच्या घरात दादापेक्षा वरच्या हुद्द्यावर होता. दादा फौजेत साधा शिपाई आणि सुभेदार हे आमच्या कुत्र्याचं नाव. दादा सुट्टीवर आला की फाट्यावर एसटीतून उतरल्या उतरल्या ट्रंक खाली ठेवायचा, टाच आपटायचा आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकायचा. मग सुभेदार हुद्दा विसरून त्याच्या अंगावर दोन्ही पाय टाकायचा. मेंढपाळांच्या तांड्यातून आणलेलं पिल्लू ते, वाढून वासराएवढं झालं होतं. रंग पिवळट, एक कान कायमचा मोडलेला. आमचे वडील, आप्पा, गावातल्या निम्म्या लोकांना अरेतुरे करायचे, पण कुत्र्याला मात्र "आवं सुभेदार, सरका की जरा, वाट द्या" असं म्हणायचे. दादाच्या पत्राचा शेवटही ठरलेला असायचा: आई-आप्पांना नमस्कार, शालनला आशीर्वाद, सुभेदाराला सॅल्यूट. शालन म्हणजे मी. पत्र मीच वाचायची, आणि शेवटच्या ओळीशी आले की आप्पा सुभेदाराला हाक मारून ती ओळ परत वाचायला लावायचे.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं. तिकडच्या उन्हाबद्दल मी काही लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. पाण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. आमच्या घरातला पहिला आवाज म्हणजे आडावरच्या रहाटाची करकर, आणि दुसरा आईचा, "सांडू नगंस!" आमच्याकडं पाणी एकदा वापरून संपत नसे. डाळ धुतलेलं पाणी म्हशीला जायचं, तांदूळ सणासुदीलाच शिजायचे, पण त्यांचं धुवणही तिलाच. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, तोंड धुतलेलं तुळशीला नाही पण शेजारच्या झेंडूला. भाकरीचं पीठ मळून झालं की परातीतलं हात धुतलेलं पाणी सुभेदाराच्या दगडी डोणीत. त्यात शिळी भाकरी कुस्करली की त्याची न्याहारी झाली. मी एकदा खेळायच्या नादात अर्धी कळशी अंगणात ओतून दिली तर आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "तुझ्या बानं आणलंय व्हय पाणी?" माझ्या बानंच आणलेलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. पाणी टाकायचं नसतं ही गोष्ट मी पाढ्यांच्या आधी शिकले.

अशा घरात वहिनी आली ती मेढ्याकडची. दादाच्या पलटणीतल्या एका मित्राची ती बहीण. दोघा मित्रांनी तिकडं सरहद्दीवर बसून सोयरीक ठरवली आणि मग घरच्यांना कळवलं. आई त्यावरून दादाशी महिनाभर धड बोलली नव्हती. डोंगरातली पोरगी, चार-चार महिने पाऊस बघितलेली. तिला आमच्याकडं सगळ्यात आधी कशाचं नवल वाटलं असेल तर आभाळाचं. "वन्सं, हितं ढग नुसतंच येऊन जात्यात का?" असं तिनं मला विचारलं होतं. मी बारा वर्षांची, ती असेल एकोणीसची, पण नणंद म्हणून मला वन्सं आणि तुम्ही म्हणायची. मला त्याचा फार गर्व वाटायचा.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून कळकाचा गड्डा आणला. कळक म्हणजे बांबू. तो तिनं मागच्या दारी मोरीचं पाणी जिरायचं तिथं लावला. आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. एक तर मोरीचं पाणी अळवाच्या वाट्याचं. त्यात शेजारची म्हातारी येऊन सांगून गेली, कळक दारात लावत नसत्यात, माणसाला शेवटी न्यायला लागतो तो. आप्पांनी तिथंच तो विषय मिटवला. "तिच्या म्हायेरची आठवण हाय ती. तुझ्या म्हायेरानं काय दिलंय, ते लाव तू बी." आईच्या माहेरानं दिलेला पितळी हंडा काही लावता येत नव्हता.

इथं थोडं थांबून आजचं सांगते. सांगलीत माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये नातीनं, ईशानं, गेल्या उन्हाळ्यात कुत्र्याचं पिल्लू आणलं. त्याचं नाव लाडू. घरात सुनेनं काचेच्या वाटीत ते वळणावळणाचे हिरवे दांडे ठेवले होते, लकी बांबू म्हणतात ते. घराला सुख लाभावं म्हणून. ते लाडवानं चावून खाल्ले आणि तो सोफ्यावर ओकला. डॉक्टरांकडं नेलं तर ते म्हणाले, हा बांबूच नव्हे, दुसरंच झाड आहे, नाव तेवढं बांबूचं. कुत्र्याला सोसत नाही, उंच ठेवा नाहीतर देऊन टाका. सुनेनं ती वाटी दांड्यांसकट शेजारणीला दिली. घरी आल्यावर ईशानं विचारलं, "आजी, मग खरा बांबू कुत्र्याला चालतो का गं?" मोबाइलवर बघितलं तर कुणी हो म्हणत होतं, कुणी नाही. मी म्हणाले, पानं चालतात. तिनं विचारलं, तुला कसं माहीत? त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्यामुळं.

तर पानं चालतात. मी तीन वर्षं रोज बघितलंय. मोरीच्या पाण्यावर तो गड्डा असा पोसला की तिसऱ्या पावसाळ्याला घराच्या कौलाइतकं बेट झालं. आमच्या त्या उघड्याबोडक्या माळावर सळसळ म्हणजे काय ते मला त्या बेटानं शिकवलं. वारा सुटला की वहिनी हातातलं काम थांबवायची, थोडा वेळ ऐकायची आणि परत कामाला लागायची. सुभेदाराचा तर तो दरबारच झाला. दुपारभर तो बेटाखालच्या गारव्यात पडून असायचा आणि पोट बिघडलं की खालची कोवळी पानं चघळायचा. कधी कधी ती ओकून टाकायचा आणि परत ताजातवाना व्हायचा. आईनं ते दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा म्हणाली, "इखारी हाय ते झाड, बघा." वहिनी नुसती हसायची. "आत्याबाई, आमच्याकडं गुरं खात्यात की ही पानं."

त्या पावसाळ्यात वहिनीला दिवस गेले होते, पाचवा महिना होता. आई तिला जपायची, मी खोटं कशाला लिहू. चिंचा आणून दे, शेंगा भाजून दे, सगळं करायची. पण वहिनीला डोहाळे लागले ते कळकाच्या कोंबांचे. तिच्या माहेरी पावसाळ्यात जमिनीतून फुटलेले कोंब काढून त्यांची भाजी करतात, लसूण-मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून. महिनाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस बेटाच्या बुडाशी तीन कोंब फुटलेले तिनं मला दाखवले आणि म्हणाली, "वन्सं, आत्याबाईंना तुमीच इचारा की." आई हसली. म्हणाली, "आमी ज्वारी खानारी माणसं. लाकूड कवा खाल्लं न्हाई. पर पोटुशी बाई मागतीय तर करू दे."

संध्याकाळी वहिनीनं कोंब काढले, पापुद्रे सोलले, आतला पांढरा गाभा चकत्या करून घमेल्यात भिजत घातला. मला तिनं सगळं समजावून सांगितलं. कच्चा कोंब कडू असतो, बाधतो. त्याचा कडूपणा रात्रभरात पाण्यात उतरतो, मग ते पाणी टाकून चकत्या उकडायच्या. त्या संध्याकाळी ती जितकं बोलली तितकं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. माहेरचा ओढा, तिथले खेकडे, सगळं सांगत होती. सकाळी तिनं चकत्या दुसऱ्या पातेल्यात काढल्या. घमेलं भरून गढूळ पाणी आणि तळाला बारीक तुकडे राहिले. वाकताना तिला त्रास होत होता, म्हणून मला म्हणाली, "वन्सं, एवढं पानी लांब टाकून या. वगळीपल्याड. कुण्या जनावराच्या तोंडाला लागू देऊ नगा." आणि मी निघाले तेव्हा मागून परत म्हणाली, "लांब हं."

मी घमेलं घेऊन मागच्या दारी आले. त्या वर्षी आडाचं पाणी तळाला गेलं होतं, मी स्वतः चार दिवस आईबरोबर मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर कळश्या आणत होते. मानेला गाठ आली होती. आणि हातात घमेलंभर पाणी. वगळीपर्यंत, म्हणजे पार त्या ओढ्याच्या घळीपर्यंत, जायचं ते ओतायला? डोंगरातल्या माणसांना पाणी टाकायची सवयच असते, असं मला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर वहिनीचं थोडं हसूही आलं. डोणीत शिळी भाकरी पडलीच होती. मी सगळं पाणी तुकड्यांसकट डोणीत ओतलं आणि सुभेदाराला हाक मारली. त्यानं आधी वास घेतला, माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "खा की." मी म्हणाले म्हणून त्यानं खाल्लं.

अर्ध्या-पाऊण तासानं मला तो बेटाखाली दिसला. तोंडातून फेस गळत होता, श्वास भात्यासारखा चालला होता. उठायला गेला तर मागचे पाय लटपटून खाली बसला. मी किंचाळले. आई आली, वहिनी आली, आप्पा गोठ्यातून धावत आले. आईचं बोट सरळ बेटाकडं गेलं. "मी सांगितलं हुतं! पानं खाऊन खाऊन भिनलं इख! बगा आता!" आप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी सुभेदाराचं डोकं मांडीवर घेतलं, मग खाली ठेवलं आणि भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली. तेव्हा वहिनी पुढं झाली. "मामा, तोडायचंच तर तोडा. पर आदी डाक्टर बगा. त्यांनी माज्या भरवशावर ठेवलाय त्येला." त्यांनी म्हणजे दादानं.

नशीब असं की गुरांचे डॉक्टर त्या सकाळी गावातच होते. पावसानं ओढ दिली की वीतभर ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन आमच्याकडं गुरं तडफडतात. तशीच एक गाय वरच्या आळीत तडफडत होती, तिच्यासाठी ते आले होते. शेजारचा तुका पळत जाऊन त्यांना घेऊन आला. डॉक्टर सुभेदाराशेजारी उकिडवे बसले, डोळे बघितले, हिरड्या बघितल्या. म्हणाले, "काय खाल्लंय यानं? नीट सांगा. सापाची सुई वेगळी, उंदराच्या औषधाची वेगळी. अंदाजानं टोचली तर आहे तोही जाईल." आई म्हणाली, कळकाची पानं. डॉक्टरांनी मान हलवली. "पानांनी असं होत नाही. आणखी काय?" सुभेदाराचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बोलले नाही तर तो मरणार, हे मला कळत होतं. बोलले तर आई मला सोलून काढणार, हेही कळत होतं. आणि आप्पा माझ्याकडं कसे बघतील याची भीती आईच्या माराहून मोठी होती. मी बोलले. पण कशी बोलले ते आज लिहिते. मी म्हणाले, "कोंबाचं पाणी दिलं. वहिनीनं द्यायला सांगितलं."

सगळ्यांच्या माना एकदम वहिनीकडं वळल्या. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर मी तिथंच खरं ओकले असते. तिनं मोडक्या कानाच्या त्या कुत्र्याकडं बघितलं आणि डॉक्टरांना घाईघाईनं म्हणाली, "व्हय. कच्च्या कोंबाचं पानी हाय ते. माजंच चुकलं. आदी त्येला बगा." डॉक्टर ताडकन उठले. "अहो, मग ही कोवळ्या ज्वारीचीच गत की! विष तेच!" त्या गाईला दिली तीच औषधं पिशवीत होती. अंगाच्या मानानं मोजून त्यांनी सुभेदाराला टोचली. नंतरचा तासभर आम्ही अंगणात बसून होतो. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्याचा श्वास खाली बसला, आणि थोड्या वेळानं त्यानं आप्पांचा हात चाटला. आप्पा रडले. मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं.

सुभेदार वाचला आणि घरात खापर फुटलं ते वहिनीवर. आईनं चकत्यांचं पातेलं तसंच उचललं आणि खड्डा काढून पुरून टाकलं. भाजी चुलीवर चढलीच नाही. आप्पा वाईट माणूस नव्हते, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी बेट तोडलं आणि दुसऱ्या दिवशी गडी लावून गड्डाही उपटून काढला. शेजारची म्हातारी येऊन मान डोलवून गेली. सातव्या महिन्यात जायचं ते वहिनीला पाचव्यातच माहेरी धाडलं. एसटीत बसताना ती आईच्या पाया पडली, आप्पांच्या पडली, आणि मला म्हणाली, "सुभेदाराला सांभाळा, वन्सं." मी नुसती मान हलवली. एसटी गेल्यावर धावत जाऊन सांगावं असं वाटलं, तोवर धुरळाही खाली बसला होता.

ती बाळाला घेऊन परत आली, वर्षं गेली, सगळं सुरळीत झालं. आई शेवटी शेवटी तिच्या हातूनच पाणी प्यायची. पण एक गोष्ट मला दिसायची, बाकी कुणाला दिसत होती की नाही कोण जाणे. त्या घरात वहिनीनं परत कधी काही मागितलं नाही. साडी देताना रंग विचारला तर म्हणायची, "कुठला बी चालंल." सुभेदार पुढं सहा वर्षं जगला. बेट गेलं तरी दुपारी तो त्याच जागेवर जाऊन पडायचा, टळटळीत उन्हात. मी त्याला हाकलून ओट्याखाली आणायची आणि तो परत जायचा. दादानं तेव्हा पत्रात लिहिलं होतं, बेट काढलंत ते बरं झालं. ते पत्रही मीच मोठ्यानं वाचलं होतं.

गेल्या भाद्रपदात वहिनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला माझ्याकडं राहायला आली. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला घेऊन विजय आला होता. तेव्हा पोटात होता तो. आता त्याचे कल्ले पांढरे झालेत. येताना त्यानं मेढ्याच्या मामेभावाकडून आलेली एक पिशवी आणली. आत कळकाचे कोंब. "आत्या, तुला काय करता येतंय का बघ याचं. आई म्हणली, असू दे."

संध्याकाळी मीच सोलले, मीच भिजत घातले. सकाळी चकत्या उपसल्या आणि कुकर लावायला वळले. एवढ्यात ईशानं पातेलं उचललं आणि बाल्कनीकडं निघाली. तिची काही चूक नाही. डाळीचं, तांदळाचं पाणी कुंड्यांना घालायचं, टाकायचं नाही, हे तिला मीच शिकवलंय. तिच्या पायात घोटाळत लाडू निघाला होता. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी तो रोज पितो. मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की पोरीच्या हातून पातेलं सुटायचं राहिलं, लाडू सोफ्याखाली गेला आणि समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

डोळ्यावर काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेली वहिनी म्हणाली, "आसंच वरडायचं हुतं, वन्सं, तवा."

मी ते पातेलं घेतलं, मोरीत उपडं केलं आणि वरून नळ सोडला. पाणी पूर्ण जाईपर्यंत नळ तसाच वाहू दिला. मग हॉलमध्ये आले आणि विजयसमोर, मुला-सुनेसमोर, ईशासमोर उभी राहिले. म्हणाले, "वहिनीनं मला पाणी लांब टाकायला सांगितलं होतं. जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका म्हणाली होती. दोनदा सांगितलं होतं. मी ते डोणीत ओतलं आणि तिच्यावर ढकललं. मी खोटं बोलले."

विजय आईकडं बघत राहिला. ईशानं लाडवाला सोफ्याखालून काढून छातीशी धरलं होतं. वहिनीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"मला काय नवं सांगताय? मी तितंच हुते की." मग विजयच्या दिशेनं हात करून म्हणाली, "ह्येला ठावं नव्हतं. ह्येची आजी मरस्तवर ह्येला सांगत हुती, तुझ्या आईनं कुत्रं मारलं आसतं म्हणून. आता ऐकलं न्हवं त्येनं? बास झालं."

मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांवरून दोनदा हात फिरवला, मग माझा खांदा हलवून म्हणाली,

"उठा आता, भाजी टाका. तवाचं डोहाळं ऱ्हायल्यात माजं."